कायदेशीर आहे, पण कोणासाठी?

प्रति,
संपादक

महोदय,

आग्नेय आशियाच्या सहलींवर लेख येतात तेव्हा त्यांत एक वाक्य हमखास असतं: ‘तिकडे कॅसिनो कायदेशीर आहेत.’ तिकडच्या नोकऱ्यांची चौकशी करणाऱ्या मुलांनाही एजंट हेच ऐकवतात. वाक्य खोटं नाही, पण अपुरं आहे, आणि त्या अपुरेपणाची किंमत आपल्या माणसांनी मोजली आहे. म्हणून जरा लांबलेलं हे पत्र छापावं, ही विनंती.

या पट्ट्यातले जुगाराचे कायदे ‘काय चालतं’ यापेक्षा ‘कोणाला चालतं’ हे ठरवतात. परदेशी माणूस पासपोर्ट दाखवून ज्या दारातून आत जातो, त्याच दारात त्याच गावात जन्मलेल्या माणसाला अडवलं जातं. कुठे धर्म आडवा येतो, कुठे पगार, कुठे वय. ज्या देशांनी आपल्या नागरिकांना बाहेर ठेवून फक्त परक्यांसाठी कॅसिनो उघडले, तिथे आत काय चाललंय हे बघण्याची कळकळ सरकारला उरत नाही, कारण बुडणारा तिथला मतदार नसतो. माझ्या मते या सगळ्या प्रदेशातली खरी खोट इथे आहे.

सिंगापूरने वेगळी वाट धरली, म्हणून आधी ती नीट समजून घेऊ. एप्रिल २००५ मध्ये सरकारने कॅसिनोंना परवानगी द्यायचं जाहीर केलं, २००६ मध्ये कायदा झाला आणि २०१० मध्ये रिसॉर्ट्स वर्ल्ड सेंटोसा आणि मरिना बे सँड्स असे दोन कॅसिनो उघडले. तिसरा आजही नाही. २०३० अखेरपर्यंत या दोघांखेरीज कोणाला परवाना मिळणार नाही, असं ठरलेलं आहे. आपल्या नागरिकांना त्यांनी बंदी घातली नाही, प्रवेशाला किंमत लावली. नागरिक आणि कायम रहिवासी यांना २४ तासांसाठी १५० सिंगापूर डॉलर, म्हणजे साधारण दहा हजार रुपये मोजावे लागतात, किंवा वर्षाचे ३,००० डॉलर. एप्रिल २०१९ पर्यंत हेच दर १०० आणि २,००० होते. २४ तास म्हणजे अक्षरशः घड्याळाचे २४ तास. ते उलटून गेले आणि माणूस आतच असला, तर पुन्हा शुल्क. हा पैसा कॅसिनोला मिळत नाही, तो सामाजिक कामांसाठीच्या सरकारी मंडळाकडे जातो, आणि ‘तुमचं शुल्क आम्ही भरतो’ असं आमिष दाखवायला कॅसिनोला मनाई आहे. जुगाराच्या दालनात एटीएम नाही. एक लाख डॉलरची ठेव ठेवणारा बडा खेळाडू सोडला, तर स्थानिक माणसाला कॅसिनो उधारीवर खेळवू शकत नाही. दिवाळं जाहीर झालेल्यांना आणि सरकारी आर्थिक मदतीवर जगणाऱ्यांना दार आपोआप बंद. वयाची अट २१.

शिवाय तिथे नाव वगळून घेण्याची सोय आहे. खेळणारा स्वतः अर्ज करून स्वतःला बंदी घालून घेऊ शकतो, आणि जवळचे कुटुंबीयही त्याच्याविरुद्ध तशी मागणी करू शकतात. त्यासाठी समस्याग्रस्त जुगाराविषयीच्या राष्ट्रीय परिषदेकडे अर्ज करावा लागतो आणि कुटुंबीयांच्या अर्जावर एक समिती दोन्ही बाजू ऐकून निर्णय देते. हे तिथल्या मराठी घरांनी मुद्दाम लक्षात ठेवावं, कारण शुल्काची भिंत त्यांच्यासाठी नाहीच. एम्प्लॉयमेंट पासवर काम करणारा आपला मुलगा कायद्याच्या नजरेत परदेशी असतो, तो पासपोर्ट दाखवून फुकट आत जातो. शुल्क लागू होतं ते कायम निवासाचा परवाना हाती येतो त्या दिवसापासून. म्हणजे घरापासून लांब, एकटा, पहिला मोठा पगार हातात, अशा वर्षांत त्याला कुठलाच अडसर नसतो. स्वतःवर बंदी घालून घेण्याचा मार्ग मात्र परदेशी माणसालाही खुला आहे. तो वापरावा.

शेजारच्या मलेशियात कायदेशीर कॅसिनो एकच: क्वालालंपूरजवळच्या डोंगरावरचं गेंटिंग. परवाना १९६९ चा, उघडलं १९७१ मध्ये. मुस्लिमांना शरिया कायद्यानुसार मनाई, २१ च्या आतल्या कोणालाच प्रवेश नाही. त्या डोंगराबाहेर दिसणारी जुगाराची खोली बेकायदेशीर समजावी. इंडोनेशिया आणि ब्रुनेईत सरसकट बंदी आहे. इंडोनेशियाचा इतिहास मात्र ध्यानात घेण्यासारखा आहे. जकार्ताचे गव्हर्नर अली सादिकिन यांनी १९६७ मध्ये कॅसिनो कायदेशीर केले आणि त्या करातून शाळा आणि रस्ते बांधले. १९७४ च्या कायद्यानंतर ते पर्व संपत गेलं. जुगाराच्या पैशातून शाळा बांधाव्यात का, हा वाद आपल्याकडचे लोक नवा समजतात. तो तिथे पन्नास वर्षांपूर्वी झाला आणि निकालात निघाला.

व्हिएतनामने २०१७ मध्ये नागरिकांसाठी प्रयोग म्हणून एक झरोका उघडला, तो फू क्वॉक बेटावर. अटी अशा होत्या: वय २१ पूर्ण, महिन्याचं उत्पन्न किमान १ कोटी डोंग (आकडा मोठा दिसतो, रुपयांत तो काही हजारांत येतो) आणि प्रवेशशुल्क २४ तासांना १० लाख डोंग किंवा महिन्याला अडीच कोटी. उत्पन्नाचा पुरावा दाखवावा लागे. बाकीचे कॅसिनो तेव्हा परदेशी पासपोर्टवाल्यांसाठी होते.

फिलिपिन्समध्ये स्थानिक माणूसही २१ नंतर खेळू शकतो, सरकारी नोकर आणि पोलीस वगळून. तिथली अडचण वेगळी आहे. पॅगकॉर ही १९७७ पासूनची सरकारी संस्था परवाने देते, नियम करते आणि स्वतः कॅसिनोही चालवते. पंचानेच बॅट हातात घ्यावी तसं हे आहे. या संस्थेने २०१६ पासून ‘पोगो’ नावाचे परवाने दिले: कार्यालय फिलिपिन्समध्ये, पण ऑनलाइन गिऱ्हाईक देशाबाहेरचंच हवं. आपले लोक खेळत नाहीत, कर मात्र येतो, असा हिशेब. आठ वर्षांत त्या इमारतींत काय काय सापडलं? डांबून ठेवलेली माणसं, छळ, आणि प्रेमाच्या गप्पा मारून परदेशातल्यांना लुबाडणारे कॉल सेंटर. २२ जुलै २०२४ च्या भाषणात राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी पोगोवर बंदी जाहीर केली आणि वर्षअखेरपर्यंत सगळी कार्यालयं बंद करायला सांगितलं. उशिरा का होईना, सरकारने आपलीच चूक कायद्याने पुसली, हे मान्य करायला हवं.

कंबोडिया, लाओस आणि म्यानमार इथे मात्र ती चूक रुजून बसली आहे. कंबोडियात १९९६ पासून नागरिकांना जुगार बंद आणि परदेशी लोकांना खुला. २०२० मध्ये नवा कायदा आला, पण हा भेद राहिला. थायलंडच्या अरण्यप्रथेतसमोर पोईपेत आहे. तिथले कॅसिनो दोन देशांच्या इमिग्रेशन चौक्यांच्या मधल्या पट्टीत उभे राहिले. थाई माणूस आपल्या चौकीवर शिक्का मारून बाहेर पडायचा, पायी पट्टीत यायचा, खेळायचा आणि परत फिरायचा. थायलंडमध्ये कॅसिनो नाही, कंबोडियाच्या माणसाला खेळायला बंदी, आणि तरी वर्षानुवर्षं तिथली टेबलं भरलेली. जून २०२५ मध्ये सीमावाद पेटला तेव्हा थायलंडने सीमेवरून पर्यटकांची ये-जा बंद केली.

दक्षिणेला सिहानुकविल हे समुद्रकाठचं शहर काही वर्षांत चिनी कॅसिनोंनी भरून गेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये पंतप्रधान हुन सेन यांनी ऑनलाइन जुगारावर बंदी जाहीर केली, हजारो चिनी निघून गेले, पाठोपाठ करोना आला. रिकाम्या इमारती, कुंपणं, सुरक्षारक्षक, जलद इंटरनेट हे सगळं मागे राहिलं आणि त्यात ऑनलाइन फसवणुकीचा धंदा शिरला. कॅसिनोच्या आवाराला जे जे लागतं, तेच माणसं डांबायलाही लागतं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेला अंदाज असा, की जबरदस्तीने या कामाला जुंपलेले लोक म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख आहेत.

लाओसच्या बोकेओ प्रांतात, मेकाँगच्या काठी, गोल्डन ट्रँगल विशेष आर्थिक क्षेत्र आहे. २००७ मध्ये ही जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका चिनी उद्योजकाकडे गेली. तिथल्या किंग्ज रोमन्स कॅसिनोची घड्याळं चिनी वेळेवर चालतात आणि व्यवहार युआनमध्ये होतात. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने त्या उद्योजकावर आणि त्याच्या जाळ्यावर निर्बंध घातले. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या व्हिएन्टियान दूतावासाने याच क्षेत्रातून ४७ भारतीयांची सुटका केली. तोवर लाओसमधून सोडवलेल्या भारतीयांची संख्या ६३५ झाली होती. परवाना असलेल्या, सरकारी नकाशावर असलेल्या जागेतून ही सुटका झाली, हे विसरू नये.

म्यानमारने २०१९ मध्ये जुना कायदा रद्द करून परदेशी लोकांसाठी कॅसिनोंची तरतूद केली. पण थायलंडच्या सीमेवरच्या म्यावड्डीजवळच्या श्वे कोक्कोला सरकारी मंजुरी होती ती २५.५ एकरांवर ५९ बंगले बांधायची. प्रत्यक्षात सशस्त्र गटाच्या संरक्षणाखाली तिथे अख्खं शहर उभं राहिलं. परवाना कागदावर कशाचा आहे आणि जमिनीवर काय आहे, यातलं अंतर बघायचं तर याहून ठळक उदाहरण मिळणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये थायलंडने त्या भागाची वीज, इंधन आणि इंटरनेट तोडलं. मार्चमध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या हद्दीतल्या माए सोत या सीमेवरच्या गावाहून दोन दिवसांत आधी २८३ आणि मग २६६ भारतीय परत आणले.

आता थायलंड, कारण मराठी पर्यटक सर्वाधिक तिथेच चुकतो. आसपास सगळीकडे कॅसिनो असल्याने थायलंडमध्येही ते असणार, असं तो धरून चालतो. तिथे १९३५ चा जुगार कायदा आजही लागू आहे. सरकारी लॉटरी आणि ठरावीक घोड्यांच्या शर्यती सोडल्या, तर पैसे लावून खेळणं गुन्हा आहे, हॉटेलच्या खोलीत असलं तरी. पत्त्यांविषयीच्या कायद्यानुसार परवानगीशिवाय १२० पेक्षा जास्त पत्ते जवळ बाळगता येत नाहीत. एका कॅटमध्ये ५२ पत्ते, दोन कॅटचे १०४. तिसरा कॅट काढला की १५६, म्हणजे मर्यादा ओलांडली. रमीसाठी तीन कॅट घेऊन निघणारे आपले ग्रुप थोडे नाहीत. फेब्रुवारी २०१६ मध्ये पट्टायात ब्रिज खेळणाऱ्या ३२ परदेशी नागरिकांना पोलिसांनी पकडलं, त्यांतले बरेच ज्येष्ठ होते आणि टेबलावर पैसे नव्हते. कॅसिनोसह मनोरंजन संकुलांचं विधेयक सरकारने २०२५ मध्ये आणलं होतं. थाई नागरिकाला प्रवेशशुल्क ५,००० बाट आणि बँकेत ५ कोटी बाटची ठेव, अशा अटी त्यावेळी चर्चेत होत्या. जुलै २०२५ मध्ये ते विधेयक मागे घेतलं गेलं. तेव्हा बँकॉक-पट्टायात कोणी ‘खासगी कॅसिनो’ दाखवायला नेत असेल, तर जाऊ नये. धाड पडली तर परदेशी म्हणून सुटका होत नाही.

पैशांच्या बाजूविषयी सहल विकणारे बोलत नाहीत, म्हणून तेही लिहितो. ‘विमान आणि हॉटेल मोफत’ असं पॅकेज घेणाऱ्याला ठरावीक रकमेच्या चिप्स घ्याव्या लागतात, आणि त्या साध्या चिप्स नसतात. त्या खिडकीवर परत देऊन रोख मिळत नाही, डावावर लावाव्याच लागतात. जिंकलं तरच साध्या चिप्स हातात पडतात, आणि माणूस त्यांतूनही पुन्हा त्याच न मोडणाऱ्या चिप्स घेत राहावा, यावर एजंटाचं कमिशन ठरतं. बॅकरा या पत्त्यांच्या खेळात ‘प्लेअर’वर लावलेल्या रकमेमागे कॅसिनोचा वाटा सरासरी १.२४ टक्के, ‘बँकर’वर १.०६ आणि ‘टाय’वर १४ टक्क्यांहून जास्त. ऐकायला १.२४ किरकोळ वाटतं. पण ३ लाखांच्या चिप्स दहा वेळा फिरल्या की उलाढाल ३० लाखांची होते आणि सरासरी तोटा ३७,२०० रुपये. मोफत खोलीचं भाडं असं वसूल होतं.

‘इथे रुपये द्या, तिकडे चिप्स घ्या’ ही सोय तर सरळ हवाला आहे. परकीय चलन कायद्याखाली व्यवहाराच्या तिप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. लॉटरीची तिकिटं, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक इत्यादींसाठी भारतातून पैसे पाठवायला मनाई आहे. त्या ‘इत्यादी’त कॅसिनोची ठेव येते असंच समजून वागावं. परदेशी जाताना नोटांच्या रूपात ३,००० डॉलरपर्यंतचं चलन नेता येतं. परतताना ५,००० डॉलरहून जास्त नोटा किंवा एकूण १०,००० डॉलरहून जास्त चलन असेल, तर विमानतळावर कस्टम्सकडे जाहीर करावं लागतं. जिंकलेली रक्कम भारतातल्या रहिवाशाच्या उत्पन्नात धरली जाते, सरसकट ३० टक्के कर आणि वर उपकर. हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. काल २ लाख जिंकले आणि आज ३ लाख हरले, तरी कालच्या २ लाखांवर कर द्यावा लागतो.

उधारीचा धाक दाखवला जातो, त्याविषयी. भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक ठरतो, आणि जुन्या मुंबई प्रांताच्या १८६५ च्या कायद्यामुळे महाराष्ट्रात पैजेला पूरक म्हणून केलेले करारही निरर्थक आहेत. सिंगापूर आणि मलेशियातल्या न्यायालयांचे हुकूमनामे मात्र भारतात बजावणीसाठी आणता येतात, तेव्हा तिथे सही करताना ‘घरी गेल्यावर कोण विचारतं’ असं समजू नये. आणि इथे कोणी वसुलीला दारात आलं, तर पैसे न देता आधी वकील आणि पोलीस ठाणे गाठावं.

परक्यांसाठी दार उघडं आणि आपल्यांसाठी बंद, हा विचार आपल्या शेजारीही आहे. गोव्यात १ फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे, आणि मांडवीतल्या बोटी मुंबई, पुणे, बेळगावच्या गिऱ्हाइकावर चालतात. म्हणजे त्या हिशेबात परके आपण आहोत. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. मला तो निर्णय योग्य वाटतो. पण गोव्याकडे जाणाऱ्या मराठी माणसासाठी सिंगापूरसारखी कुटुंबाच्या अर्जावर बंदी घालण्याची सोय मागायला हवी, आणि ती मागणी महाराष्ट्रातूनच व्हायला हवी.

शेवटी नोकऱ्या. बँकॉकमध्ये ‘डेटा एंट्री’ किंवा ‘डिजिटल मार्केटिंग’, टायपिंग आणि इंग्रजी येत असलं की पुरे, तिकीट कंपनीचं. २०२२ पासून परराष्ट्र खातं याविषयी इशारे देत आहे. एजंट ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, हे नोंदणी क्रमांक घालून बघावं. दहावी पास मुलाच्या पासपोर्टला इमिग्रेशनच्या मंजुरीची अट नसते, शिवाय कंबोडिया, लाओस, म्यानमार हे देश त्या मंजुरीच्या यादीतच नाहीत, तेव्हा विमानतळावर कोणी अडवेल या भरवशावर राहू नये. थायलंडमध्ये कामासाठी ‘नॉन-इमिग्रंट बी’ व्हिसा आणि वर्क परमिट लागतं, पर्यटक म्हणून शिरून काम करता येत नाही. व्हिसा कोणता आहे हे निघण्याआधी घरच्यांनी स्वतः वाचावं. बँकॉकला उतरल्यावर गाडी शहरात न शिरता वायव्येला निघाली आणि सात-आठ तास चालत राहिली, तर ती माए सोतला चालली आहे. तिथून मोएई नदी ओलांडली की म्यानमार, आणि पासपोर्टवर शिक्का नाही, म्हणजे त्या देशात आपण बेकायदेशीर. नदीच्या अलीकडे थाई पोलीस, पर्यटन पोलीस, आपला बँकॉकचा दूतावास सगळे हाताशी असतात. रस्त्यात गाडी पेट्रोल पंपावर थांबते, तिथेच उतरावं, बॅग गेली तरी चालेल.

आपला,
एक वाचक, डोंबिवली